गटार धरून अकरा फूट

“मग त्यांना शिकवतं कोण?”

इंद्रजित सरांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. दौलू वस्ताद माती चाळत राहिले.

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीत आत कुस्तीचा हौदा आहे आणि बाहेरच्या भिंतीवर फुटबॉल संघाचे फोटो. वस्ताद दोन्हींचे. उन्हाळ्यात हौद्यातली लाल माती काढायची, पायरीवर बसून चाळायची, खडे वेगळे करायचे, मग ताक, तेल, हळद घालून ती परत आत टाकायची, हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

इंद्रजित सरही याच तालमीचे. पुढे मोठ्या क्लबांतून खेळले, परदेशात जाऊन प्रशिक्षकाची परीक्षा दिली. आता एका व्यावसायिक क्लबनं शहराबाहेर माळावर अकादमी बांधली आहे आणि सर तिचे प्रमुख आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. वस्ताद इंद्या म्हणतात.

मी समोर हौसाक्काच्या दारात काठी घेऊन बसले होते. बोळात पापड वाळत होते आणि कावळे हाकायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“कोण न्हाई शिकवत,” वस्ताद म्हणाले.

“असं कसं, वस्ताद? आमची पोरं रोज चार तास सराव करतात. तुमची पोरं बोळात खेळतात. आणि परवा आमच्याच मैदानावर तुमच्या पोरांनी आम्हाला चार गोल मारले.”

“तीन.”

“चार.”

“चौथा तुमच्याच पोरानं मारला. तो आमचा धरू नये.”

सर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून टॅब्लेट काढला आणि वस्तादांपुढे धरला. पडद्यावर रंगीत रेघा होत्या.

“हे बघा. चेंडू पायावर आला की किती लांब उडतो, त्याचं हे माप. आमच्या पोरांचा तीन फूट. तुमच्या पोरांचा वीतभर.”

वस्तादांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. बराच वेळ पाहिलं.

“चित्र झ्याक हाय.”

“चित्र नाही ते…”

सर पायरीवर बसले. खाली काही अंथरलेलं नव्हतं आणि त्यांची पँट पांढरी होती.

“वस्ताद, खरं सांगतो. जूनमध्ये क्लबची माणसं बघायला येणार आहेत. पोरांचे पाय सुधारलेले दिसले नाहीत, तर अकादमी दुसऱ्या शहरात नेणार. बावीस पोरं आहेत माझ्याकडे. गडहिंग्लजची आहेत, आजऱ्याची आहेत, शाळा सोडून आलीत. त्यांना घरी पाठवायचं मला सांगावं लागेल.”

वस्तादांनी एक खडा उचलला, पाहिला, बाजूला ठेवला.

“मैदान कसलं हाय तुझं?”

“तीन मैदानं. खाली पाइप, वर वाळूचा थर, त्यावर गवत. कितीही पाणी पडलं तरी चिखल होत नाही. चेंडू एकदम सरळ येतो. कुठं उसळी नाही, खड्डा नाही.”

“झोपायला पण बरं असंल.”

“वस्ताद.”

“बोल की.”

“तुमची पद्धत सांगा. मी लिहून घेतो.”

“माझी पद्धत न्हाई.”

“मला तुम्हीच शिकवलंत.”

चाळण थांबली.

“मी तुला कुस्ती शिकवली,” वस्ताद म्हणाले. “तुला आली न्हाई.”

“…आणि फुटबॉल?”

“फुटबॉल मी तुला कधी शिकवला?”

सर आठवत बसले. त्यांना आठवेना, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“चारपतोर बस,” वस्ताद म्हणाले आणि पुन्हा चाळू लागले.

आमचा बोळ अरुंद आहे. दोन्ही बाजूंना घरं, एका कडेला गटार. दुपारी थोडा वेळच इथं ऊन उतरतं. मार्च-एप्रिलमध्ये त्या उन्हात हौसाक्का आणि बोळातल्या बाकीच्या बायका वर्षाचे पापड घालतात. भिंतीलगत जुन्या साड्या अंथरायच्या आणि त्यांवर ओळी लावायच्या. तालमीचं मैदान मोठ्या पोरांना मिळतं. लहानांना बोळ उरतो. पापड उचलेपर्यंत थांबायचं तर अंधार होतो, म्हणून पोरं पापड असतानाच खेळतात.

चार वाजता ती आली. सात-आठ जण, अनवाणी. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. चेंडू खाली पडला आणि खेळ सुरू झाला.

मी हे रोज बघते, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी सरांकडे बघता बघता मीही नीट बघितलं.

चेंडू गुडघ्याच्या वर जात नव्हता. भिंतीवर आपटून जोरात परत यायचा आणि पायाशी आल्यावर मांजर बसावं तसा बसायचा. तौफिकनं तर एकदा साडीच्या काठावरून, पापडापासून चार बोटांवर, चेंडू अंगठ्यानं मागं ओढला आणि तोंडातली चिंच चघळतच पुढं दिला.

सरांच्या मांडीवरचा टॅब्लेट आपोआप बंद झाला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

खेळ थांबला तेव्हा ते उठले. त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी खिशातून टेप काढली आणि बोळाची रुंदी मोजली.

“अकरा फूट,” ते म्हणाले.

“साडेधा,” आतून हौसाक्का बोलली. “गटार धरून अकरा.”

सरांनी ते लिहून घेतलं. मग खाली बसून त्यांनी एका पापडाचं माप घेतलं. हात लावला नाही, टेप वरूनच धरली. सहा इंच.

“सापडलं, वस्ताद,” ते म्हणाले. “जागा कमी, कडेला अडथळे. मी असाच बोळ अकादमीत बांधतो. दोन भिंती, मध्ये अकरा फूट, आणि कडेनं प्लास्टिकच्या तबकड्या. याच मापाच्या. आठ दिवसांत तयार होईल.”

वस्तादांनी माती पुढं ओढली.

“बांध.”

सर गेले. पँटला मागून लाल माती लागली होती. ते मी त्यांना सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही.

*

अठरा दिवसांनी ते परत आले.

वस्ताद तिथंच होते. चाळलेल्या मातीचा ढीग वाढला होता. मीही तिथंच होते, कारण पापड अजून संपले नव्हते.

“झाला बोळ?” वस्तादांनी विचारलं.

“झाला. भिंतींना रंगही दिला.”

“मग?”

“पहिल्या दिवशी पोरांचा चेंडू एकशे चाळीस वेळा तबकड्यांना लागला.”

“आणि काल?”

“एकशे त्रेचाळीस.”

वस्तादांनी मान हलवली. “सवय व्हायली म्हणायची.”

सर पायरीवर बसले. ते मागच्या वेळेपेक्षा थकलेले दिसत होते. म्हणाले, “एका पोराला तर तबकडी उडवायला आवडायला लागलंय. बाकीचे टाळ्या वाजवतात.”

“वाईट कुणाला वाटलं?”

“तबकडीला चेंडू लागल्यावर? वाईट कशाला वाटेल, वस्ताद? प्लास्टिकची आहे ती. उचलून परत ठेवायची.”

“व्हय.”

सरांनी मान वर केली.

“व्हय की,” वस्ताद परत म्हणाले.

चार वाजले. पोरं आली.

“जा,” वस्ताद म्हणाले. “खेळ.”

“मी?”

“मग काय मी?”

सरांनी बूट काढले. मोजे काढून नीट घडी करून बुटात ठेवले. पोरं थोडी लाजली, मग विसरली. सर छान खेळले. त्यांचे पाय पोरांपेक्षा वेगळे, मोठ्या मैदानाचे. त्यांनी दोघांना चकवलं तेव्हा तौफिक म्हणाला, “सर, भारी.” सरांना ते आवडलं. पुढच्या वेळी भिंतीवरून आलेला चेंडू त्यांनी टाचेनं वळवायला घेतला.

चेंडू उडाला.

तो खाली आला तेव्हा आवाज फार झाला नाही. वाळलेलं पान मोडतं तेवढाच. पण बोळातला खेळ तिथल्या तिथं थांबला. पोरं सरांकडे बघेनात. जमिनीकडे बघू लागली.

तीन पापड मोडले होते. त्यांतला एक मी लाटलेला होता. वाकडा होता, म्हणून ओळखू आला.

हौसाक्का बाहेर आली. तिनं कमरेवर हात ठेवले. आधी पापड पाहिले, मग सरांचे अनवाणी पाय, मग वर चेहरा.

“इंद्या,” ती म्हणाली, “किती वरसांनी मोडलास रं.”

“चुकून, आक्का. मी भरून देतो. विकतचे आणून…”

“विकतचे घालू व्हय साडीवर? ये आत. हात धू.”

“आक्का, मला साडेपाचला बैठक आहे.”

“तीनच हाईत. हुईल तवर.”

सरांनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद मातीत काहीतरी शोधत होते.

सर आत गेले. हौसाक्काच्या घरात दाराशीच पाटा आहे, त्यामुळे मला बसल्या जागेवरून दिसत होतं. तिनं उडदाच्या पिठाचा घट्ट गोळा त्यांच्यापुढे टाकला, तेलाचा हात लावला आणि वरवंटा दिला. आमच्या बोळात हा नियम आहे. मोडले तेवढे लाटायचे. आणि पीठ कुटल्याशिवाय पोळपाट मिळत नाही.

सर कुटत राहिले. अंगात ताकद होती, पण गोळा काही मऊ पडेना. घाम आला. हौसाक्का शेजारी बसून लाट्या कापत होती.

“विसरलास व्हय समदं?”

“तुम्ही चेंडू ठेवून घ्यायचात, ते आठवतंय. ओरडायचात ते.”

“आठवीत होतास. एका उन्हाळ्यात एकवीस मोडलास. तुझी आय म्हणायची, आक्का, ह्याला तुमच्याकडंच ठेवून घ्या, पापड तरी येतील.”

सर पहिल्यांदा हसले.

“आणि नववीत?” त्यांनी विचारलं.

“नववीत एक न्हाई.”

वरवंटा थांबला.

“एकही नाही?”

“एक न्हाई. कूट की. थांबलास का?”

ते परत कुटू लागले. पीठ मऊ झालं. पहिला पापड त्यांनी लाटला तो नकाशासारखा झाला. हौसाक्कानं तो मोडून परत लाटायला लावला. दुसऱ्यांदा कडा पातळ झाल्या, मध्ये जाड राहिला. परत. त्यांची बोटं मोठी होती आणि लाटणं सारखं निसटत होतं. शेजारी बैठकीचा फोन वाजला. हात तेलाचे होते, म्हणून तो वाजून वाजून बंद पडला.

शेवटी तीन झाले. गोल म्हणता येतील असे.

सरांनी ते दोन्ही तळव्यांवर घेतले आणि हळूहळू बाहेर आणले. साडीवर, ओळीत जिथं मोकळी जागा झाली होती तिथं, एकेक करून ठेवले. एकाची कड दुमडली होती, ती नखानं सरळ केली. मग उभे राहून बघत राहिले. पापड ओलेच होते. बाकीच्यांपेक्षा जरा पिवळे दिसत होते.

खेळ परत सुरू झाला होता. तौफिकनं लांबून चेंडू मारला. तो दुसऱ्या पोराच्या नडगीला लागला, गटाराच्या कडेवर आपटला आणि उंच उडून थेट साडीकडे आला.

मी काठी उचलली. काठीचा काही उपयोग नव्हता, तरी उचलली.

सर आडवे आले. कसे आले ते मला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की चेंडू त्यांच्या पायावर हवेतच आला आणि तिथंच मेला. उसळला नाही. वीतभर सोडा, बोटभरही नाही. त्यांनी तो पायाच्या पंजावर तसाच धरून ठेवला आणि मग हळूच खाली, बोळाच्या मध्ये, पोरांकडे सोडला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरं खेळायला लागली.

सर मात्र तिथंच उभे राहिले. आपल्या पायाकडे बघत होते. दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

“…वस्ताद,” ते म्हणाले.

वस्तादांनी वर पाहिलं.

सरांना काहीतरी विचारायचं होतं. हातांना हिंगाचा वास येत असावा, कारण त्यांनी ते नाकाशी नेले. मग पायरीवर येऊन बसले आणि वस्तादांच्या ढिगातले खडे वेचू लागले. वस्तादांनी त्यांना वेचू दिले. त्यांनी हे कुणाला करू दिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

ऊन भिंतीवर चढलं. पापड उचलायची वेळ झाली.

“उद्या पोरांना घेऊन येऊ?” सरांनी विचारलं.

वस्ताद म्हणाले, “आक्काला इचार.”

सरांनी हौसाक्काला विचारलं.

“किती जणं?”

“बावीस.”

हौसाक्कानं आत वळून डब्यातलं पीठ पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं. “पीठ लागंल,” ती म्हणाली. “पण हुईल.”

*

दुसऱ्या दिवशी अकादमीची बस बोळात येईना, म्हणून कोपऱ्यावर थांबली. बावीस पोरं उतरली. सगळ्यांचे निळे कपडे सारखे, बूट सारखे, आणि प्रत्येकाच्या काखेत नवा चेंडू. ती रांगेनं बोळात आली आणि दोन्ही बाजूंचे पापड बघून जागेवर थांबली. पाय कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणाला, “इथं खेळायचं?”

आमची पोरं भिंतीला टेकून त्यांच्या बुटांकडे बघत होती.

हौसाक्काच्या दारात आज एकाऐवजी सहा पोळपाट होते. तौफिकची आई तिचा घेऊन आली होती. माझ्या आईनं आमचा दिला होता. पिठाचे गोळे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले होते. मी काठी घेऊन माझ्या जागेवर बसले होते. काल सरांनी लाटलेले तीन पापड आज दुसऱ्यांदा उन्हात घातले होते. ते मी मुद्दाम पुढच्या ओळीत ठेवले होते.

सरांनी ते पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी कावळ्याकडे बघितलं.

“वस्ताद,” सर पायरीपाशी जाऊन म्हणाले. टॅब्लेट त्यांनी आणलाच नव्हता. “पोरं आलीत.”

“दिसत्यात.”

“सुरुवात कशापासून करू? चेंडू थांबवण्यापासून, का पास देण्यापासून?”

बावीस पोरं कान टवकारून उभी राहिली. एकानं चेंडू खाली ठेवून त्यावर पाय दिला. वस्तादांचं नाव त्यांनी ऐकलेलं असणार.

वस्तादांनी चाळण खाली ठेवली. गुडघ्यांवर हात टेकून उठले. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. पोरांच्या बुटांकडे त्यांनी बघितलंही नाही. एकेकाचे हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, आणि परत येऊन आपल्या जागेवर बसले.

“आदी हात धुऊन या,” ते म्हणाले.